वर्तुळ थांबेपर्यंत

मिरजेत कुणी ‘मी इन्स्ट्रुमेंट शिकवतो’ म्हणालं, की समोरचा लगेच विचारतो, सतार की तंबोरा? सुकुमार मगदूमांनी उभ्या नोकरीत या प्रश्नाला शेकडो वेळा तोंड दिलं. ते आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचे निदेशक. प्रेशर गेज, व्होल्टमीटर, वजनकाटे खोलायचे, साफ करायचे आणि त्यांचे काटे जागेवर बसवायचे, हे त्यांनी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. गाण्याशी त्यांचा संबंध लग्नामुळे आला, आणि तोही वर्ग भरला की मधलं दार ओढून घेण्यापुरता.

दाराच्या पलीकडे त्यांच्या बायकोचा, पद्मजाबाईंचा गाण्याचा वर्ग चाले. बाई नुसत्या शिकवत नसत, स्वतः रचना बांधत. शब्दही त्यांचे, चालही त्यांचीच. “आमचे हे म्हणजे संगीतातले औरंगजेब,” असं त्या नव्या शिष्यांना हसत सांगायच्या, “पण खुर्च्या फार सुरेख मांडतात हं!” सरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण ते खरंच होतं. कार्यक्रमात खुर्च्या मांडून झाल्या की ते मागच्या रांगेत बसत आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहत. गाणं रंगलं की नाही, हे त्यांना त्या चेहऱ्यावरून कळायचं.

मग तो ताप आला. सांगली-मिरजेत त्या वर्षी घरोघरी आला आणि बहुतेकांचा आठवड्यात गेलाही. पद्मजाबाईंचा जाताना कान घेऊन गेला. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसांहून बारीक हजारो पेशी असतात. प्रत्येकीचा स्वर ठरलेला. तो स्वर आला की तेवढीच पेशी डोलते आणि मेंदूला निरोप देते. बाईंच्या त्या सगळ्या पेशी पंधरा दिवसांत करपून गेल्या.

तोवर कानातलं रोपण मोतीबिंदूच्या ऑपरेशनइतकं सोपं झालं होतं. बाईंच्या दोन्ही कानांत ते बसवलं. आत साठ तारा, बाहेर कानामागे चिकटणारी चकती. महिन्याभरात बाईंना फोनवरचं बोलणंसुद्धा स्वच्छ ऐकू येऊ लागलं. डॉक्टर खूश, पाहुणे खूश. फक्त हजारो पेशींचं काम साठ तारा करणार म्हटल्यावर बोलणं ओळखता येतं, स्वर येत नाही. बाईंनी घरी येऊन तंबोरा छेडला आणि तसाच खाली ठेवला.

“कसा वाटला?” सरांनी विचारलं.

“पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा,” बाई म्हणाल्या. वर्ग त्यांनी थोरल्या शिष्येकडे, विभावरीकडे सोपवला, आणि तीन वर्षं त्या गायल्या नाहीत.

तीन वर्षं घरात मधलं दार ओढून घ्यायची गरज पडली नाही. या शांततेची आपण इतकी वर्षं वाट बघत होतो, असं सरांना वाटलं होतं. पण ती त्यांना खायला उठली. एके दिवशी त्यांनी बाईंना सुचवलं, “मोबाइलवर सूर मोजणारं ॲप असतं की. त्यात बघून गा.”

“बघितलं,” बाई म्हणाल्या. “काटा चूक की बरोबर एवढंच सांगतो, परीक्षेच्या निकालासारखं. सूर तसा नसतो हो. तो जवळ येतो, रुसतो, परत येतो. ते कुठं दिसतंय त्यात?”

सर माळ्यावर गेले आणि आयटीआयतून निवृत्त होताना मिळालेला जुना ऑसिलोस्कोप, कंपनं पडद्यावर उजेडाच्या रेघेने दाखवणारं यंत्र, खाली घेऊन आले.

कल्पना नवी नव्हती. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आरशांवरून उजेड परतवून हेच केलं होतं. पडद्यावर एक टिंब घ्यायचं आणि त्याला दोन मालक द्यायचे. तंबोऱ्याचा षड्ज त्याला डावी-उजवीकडे हलवणार आणि गाणाऱ्याचा गळा वर-खाली. दोघांची कंपनं अगदी सारखी असली, तर टिंबाच्या धावण्यातून एक वर्तुळ उमटतं आणि जागच्या जागी उभं राहतं. गळ्यातून वरचा सा लागला, म्हणजे कंपनं बरोबर दुप्पट झाली, की आडवा पडलेला इंग्रजी आठचा आकडा होतो. पंचमाला तिनास दोन हे प्रमाण असतं, त्याची सुंदर वळणावळणाची गाठ पडते. आणि सूर जरासा हुकला, तर आकृती मोडत नाही, ती फिरू लागते. फरक सेकंदाला एका कंपनाचा असेल तर सेकंदाला एक गिरकी. फरक जितका कमी, तितकी गिरकी संथ.

सरांनी गळ्यातला मूळ स्वर गाळून घेणारा एक छोटा संगणक त्याला जोडला, आणि पापडासारखा पातळ पडदा आणून कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. सूर चढा असेल तर रेघ तांबडी, उतरा असेल तर निळी, जुळला की पांढरी, असे रंग भरले. महिनाभर ते स्वतःच त्याच्यासमोर आऽऽ करत बसत. पडद्यावर लोकर गुंतावी तसं काहीतरी उमटायचं.

“गाढवाला गुळाची चव काय,” स्वैपाकघरातून बाई म्हणाल्या, पण बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. मग हळूच तंबोऱ्याजवळ बसल्या आणि सा लावला.

निळी ताटली कलंडत, डुलत राहिली. बाईंनी गळा अगदी तीळभर वर सरकवला. ताटली संथ झाली, गोल झाली, क्षणभर पांढरी झाली आणि पुन्हा फिरू लागली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “अहो, हाच तो,” त्या म्हणाल्या. “असाच यायचा तो.”

त्या दिवसापासून मधलं दार पुन्हा ओढलं जाऊ लागलं. फक्त आता सर दाराच्या आत असत.

पण ऐकू येत नसताना गाणं म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणं. गळ्याच्या स्नायूंना जुनी सवय असते, पण कान त्यांना वेळोवेळी वठणीवर आणत नसेल तर ती सवयही बिघडत जाते. बाईंची आकृती पाच मिनिटं उभी राही आणि पुढची दहा मिनिटं थरथरत बसे. थरथरली की बाईंचा चेहरा पडायचा. आणि तो चेहरा हेच तर सरांचं एकमेव वाद्य होतं, ज्याचा काटा त्यांना अचूक वाचता येई.

काटा थरथरत असेल तर वाचता येत नाही, म्हणून त्याला थोडं डॅम्पिंग द्यायचं, थरथर शोषून घेणारा अटकाव. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं. सरांनी यंत्रात थोडं डॅम्पिंग घातलं. गैर असं काही वाटलंच नाही त्यांना. आकृती जरा ठाम झाली, बाई खुलल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आणखी थोडं वाढवलं. मग आणखी. आता सूर पाव अंगुळ हुकला तरी यंत्र त्याला ओढून जवळच्या प्रमाणात बसवी आणि पडद्यावर पांढरंशुभ्र वर्तुळ डौलात उभं राही.

दोन महिन्यांनी बाईंनी जाहीर केलं, “यंदा गुरुपौर्णिमेला मी गाणार. नवी रचना बांधलीय. मागं पडदा लावू, लोकांनाही आकृत्या बघू देत.” रचनेचे शब्द त्यांनी सरांना वाचून दाखवले, “उंबऱ्याशी उभी मी, सुरा, आत घे.” सरांना त्यातलं फार कळलं नाही, पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी वाचनालयाचं सभागृह त्याच दिवशी ठरवून टाकलं.

कार्यक्रमाला बारा दिवस उरले असताना इलाहीभाई सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढायला आले. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानसीने असा घासायचा की तारेला नुसता आवाज न राहता गुंजन येतं. इलाहीभाईंच्या घरात हे काम सात पिढ्यांचं. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि सर शेजारी येऊन बसले.

“इलाहीभाई, तुम्हाला नेमकं कसं कळतं हो, जुळलं म्हणून?”

“सूर आयकायचा न्हाई सर. लाट आयकायची.” त्यांनी मधल्या जोडाच्या दोन्ही तारा छेडल्या. “दोन तारा जरा लांब असल्या की आवाज लाटा मारतो बगा, वाँव, वाँव, वाँव. जवळ आल्या की लाट लांबत जाते. मंग इरून जाते. झालं.”

सरांनी कान टवकारले. त्यांना फक्त डोक्यावरचा पंखा ऐकू आला.

चहा झाल्यावर बाईंनी कौतुकाने रचना म्हणून दाखवली. पडद्यावर वर्तुळं, आठाचे आकडे, पंचमाच्या गाठी एकापुढे एक निश्चल उभ्या राहिल्या. इलाहीभाई मान खाली घालून ऐकत होते. “सुभानल्ला,” एवढं बोलून ते उठले आणि सरांना फाटकापर्यंत घेऊन गेले.

“सर, रागावू नगा. बाईंचा सूर उतरायलाय. पंचम तर पार खाली बसायलाय. आन् तुमचं मशीन सगळं झकास दाखवतंय. तुमचं मशीन लबाड बोलायलंय, सर.”

सरांनी रस्त्याच्या पलीकडे बघितलं, मग चपलांकडे बघितलं. “थोडं डॅम्पिंग घातलं होतं,” ते म्हणाले.

“आमच्यापुढं गायल्या ते ठीक आहे. तिथं दोनशे माणूस असणार. समदे गाण्यातले.”

तीन दिवस सरांनी हे गिळून काढलं. बोलावं तर बाई पुन्हा मिटणार, आणि या वेळी कायमच्या. न बोलावं तर शिष्य टाळ्या वाजवतील, लोक अदबीने माना डोलावतील आणि बाहेर पडून हळहळतील. बाईंना ते ऐकूही यायचं नाही. हा दुसरा रस्ता किती सोपा आहे, हे लक्षात आल्यावर सरांना स्वतःचीच भीती वाटली. चौथ्या दिवशी सकाळी बाई कोथिंबीर निवडत होत्या. सर समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बाईंची बोटं थांबली.

“किती दिवसांपासून?”

“जवळजवळ सुरुवातीपासून. वाढवत गेलो.”

“माझ्या शिष्या माझ्याशी गोड खोटं बोलतात, ते मला माहीत आहे. त्यांना बोलावंच लागतं,” बाई म्हणाल्या. “पण अख्ख्या घरात एकच माणूस असा होता, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही म्हणून तो माझी खोटी वाहवा करणार नाही. तोही तुम्ही ठेवला नाहीत.”

“तुझा चेहरा पडायचा गं, पद्मा. मला बघवत नव्हतं.”

“मग बघायचं नाही!” बाईंनी दोन्ही कानांमागच्या चकत्या काढल्या, फ्रिजवर ठेवल्या आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला घेतली.

चार दिवस चकत्या फ्रिजवरच होत्या. यापेक्षा मोठा अबोला कुठल्या बायकोला साधला नसेल. सर चिठ्ठ्या लिहीत. ‘दूध आलं.’ ‘विभावरीचा फोन होता, कार्यक्रम रद्द म्हणून कळवू का?’ उत्तर यायचं नाही. पण त्यांनी पहिल्याच दिवशी एक काम केलं होतं. यंत्रातलं सगळं डॅम्पिंग काढून पडदा चालू ठेवला होता, आणि खाली चिठ्ठी चिकटवली होती, ‘आता खरं सांगतो आहे.’

पाचव्या दिवशी सर बाजारातून आले, तर मधलं दार लोटलेलं होतं. फटीतून त्यांनी पाहिलं. बाई तंबोरा घेऊन बसल्या होत्या, कानाला काही नव्हतं. पूर्ण बहिऱ्या होऊन त्या गात होत्या आणि पडद्यावर निळी ताटली भिरभिरत होती. बाईंचा चेहरा मात्र पडलेला नव्हता. त्या स्वर सोडत नव्हत्या. गिरकी संथ होईपर्यंत वाट बघायच्या, ती पांढरी होता होता निसटायची, की तिच्यामागे जायच्या, तांबडी होऊन परत यायच्या. एकेका स्वराला अर्धं अर्धं मिनिट लागत होतं.

सर दिसताच त्यांनी हात पुढे केला. सरांनी फ्रिजवरच्या चकत्या आणून दिल्या.

“चाल मी चुकीची बांधली होती,” कान लावत बाई म्हणाल्या, जणू चार दिवसांत काही झालंच नव्हतं. “शब्द म्हणतात उंबऱ्याशी उभी आहे, आणि चाल आपली धाडधाड आत शिरतेय. मला सूर शोधायला वेळ लागतो ना, मग तो शोधच गायचा. अगदी संथ. आकृती फिरेल ती लोकांना फिरताना दिसू दे.”

“आणि नाही थांबली तर?”

“तर नाही थांबली.” बाईंनी तंबोरा बाजूला ठेवला. “पण पडदा माझ्या मागे राहील. त्याच्याकडे बघत गायलं तर त्यालाच गाणं ऐकवल्यासारखं होतं. मला समोर माणूस हवा. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं, पडदा बघायचा आणि मला हाताने सांगायचं. उतरा असेल तर बोट वर, चढा असेल तर खाली. जुळला की तळहात.”

“मी? अगं, औरंगजेब मी!”

“म्हणूनच. तुमच्या हातावर डॅम्पिंग बसवता येत नाही.”

गुरुपौर्णिमेला सकाळी दहालाच सभागृह भरलं. सरांनी खुर्च्या मांडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसले. शेजारी इलाहीभाई. विभावरीने तंबोरा धरला, दिवे मंद झाले आणि बाईंच्या मागे भिंतभर काळोख्या पडद्यावर एक टिंब लुकलुकलं.

बाईंनी सा लावला. भिंतीवर निळं वर्तुळ कलंडू लागलं. कुणीतरी खुर्चीत चुळबुळ केली, गाण्यातल्या माणसांना उतरा सूर टोचतोच. सरांनी बोट वर केलं. बाईंची नजर त्या बोटावर होती. वर्तुळ संथ झालं, तांबडं झालं, सरांनी बोट खाली केलं, आणि पुढच्याच श्वासाला ते पांढरं होऊन उभं राहिलं. तळहात. दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला.

मग कुणी चुळबुळ केली नाही. लोकांना आता कळलं होतं की ही बाई चुकत नाहीये, ही चालत येतेय. पंचमाची गाठ उलगडत, गुंतत, गरगरत आली आणि स्थिरावली. मध्यमावर तर आकृती तीनदा निसटली आणि तिन्ही वेळा सभागृह पुढे झुकलं. “उंबऱ्याशी उभी मी,” बाई गात होत्या, आणि सरांचा हात त्यांच्यासाठी हवेत वर-खाली होत होता.

शेवटची ओळ पुन्हा षड्जावर यायची होती. बाईंनी “आत घे” म्हणत सा धरला. निळा. सरांनी बोट वर केलं, आणि तेवढ्यात सगळं पुसट झालं. त्यांना वाटलं पडदा बिघडला. बिघडला होता त्यांचा चष्मा. डोळे कधी भरून आले ते त्यांना कळलंच नव्हतं. एक हात वर, दुसरा खिशात रुमाल शोधतोय, रुमाल सापडत नाही, आणि समोर नुसता धुरकट उजेड.

बाई त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. श्वास संपत आला होता.

सरांनी डोळे मिटून घेतले. आणि मग त्यांना ऐकू आलं. वाँव, वाँव, वाँव. तंबोरा आणि पद्माचा गळा यांच्यामध्ये काहीतरी लाटा मारत होतं. पंखा नव्हता तो. बोट वरच होतं. लाट लांबली. वाँऽऽव. आणखी लांबली. वाँऽऽऽऽव. मग ती मऊ होत होत विरून गेली, आणि दोन आवाजांच्या जागी एकच काहीतरी उरलं.

सरांनी तळहात उघडला.

टाळ्या किती वेळ वाजल्या ते कुणी मोजलं नाही. इलाहीभाई उभे राहून डोळे पुसत होते. गर्दी ओसरल्यावर सर खुर्च्या गोळा करू लागले, तशा बाई जवळ आल्या.

“शेवटच्या सा-ला तुमचे डोळे मिटलेले होते,” त्या म्हणाल्या. “मी बघितलं.”

“चष्मा ओला झाला होता.”

“मग तळहात कसा दाखवलात? अंदाजाने?”

“नाही गं,” सर म्हणाले, आणि त्यांना ते सांगायची एकदम लाज वाटली. “ऐकू आलं.”

सभागृहात आता दोघंच होते. बाईंनी एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या, वर्गातली पहिल्या दिवसाची विद्यार्थिनी बसते तशा.

“कसं होतं ते? सांगा ना मला.”

असलं काही सांगायची सरांना सवय नव्हती. “आधी काहीतरी हलत होतं,” ते म्हणाले. “तुझं आणि तंबोऱ्याचं. ढकलाढकल चालल्यासारखी. मग ती कमी कमी होत गेली. आणि मग... पद्मा, आपण गावाहून येतो, कुलूप काढतो, आत येऊन पिशव्या खाली ठेवतो, आणि कुणीच काही बोलत नाही. तसं झालं एकदम.”

बाईंनी त्यांचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“हो,” त्या म्हणाल्या. “अगदी तसंच असतं.”